समोरचा चेहरा

यंत्रं नुकतीच बुद्धिबळ खेळायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. संगणकाविरुद्धचा डाव ग्रँडमास्टर आठल्ये जिंकत आले होते. त्यांचा हात वजिराकडे वळला, तसा पांढरा राजा घाबरला.

"घोड्या, अरे, वजीर इथून हलला तर पुढच्याच खेळीला मी मेलो!"

"महाराज, धन्यांना दहा खेळ्या पुढचं दिसतं," घोडा हसला. "तुमचं आपलं उगाच!"

नेहमीप्रमाणे हात थांबवून धन्यांनी समोर पाहिलं. तिथे माणूस असता, तर त्याचे डोळे लकाकले असते आणि धनी सावध झाले असते. पण समोर नुसता पडदा होता.

वजीर हलला.

"घोड्या," आडवा होता होता राजा म्हणाला, "आजवर आपल्याला समोरच्याचा चेहराच वाचवत होता रे."