तिसरा ठिपका

“मग रिसर्च पेपरवर पहिलं नाव तिचं का, सर?”

खटावकरसर चष्मा पुसत होते.

श्रीरंगचा नुसता जळफळाट चालला होता. पाच वर्षं तो या लेझरच्या टेबलाशी झटला होता. निलोफर मुजावर आली गेल्या वर्षी. आरसा कुठं धरायचा, कुठं बोट लावायचं नाही, इथपासून त्यानंच तिला शिकवलं. ‘दादा, दादा’ करत शिकली, आणि सिग्नल मिळाला तो तिच्या हाताला! तिनं आणलेला पेढा चार दिवस त्याच्या खणात तसाच पडून होता. तो खाववत नव्हता आणि टाकवतही नव्हता.

“तिला या टेबलावरून काढा,” तो म्हणाला. “नाहीतर मी जातो.”

सर उठले. “चल.”

टेबलावर दोन किरण होते. डावा श्रीरंगनं बसवलेला, उजवा निलोफरनं. दोन्ही नखाएवढ्या एका स्फटिकावर येऊन मिळत. त्यातले थर इतके पातळ, की इलेक्ट्रॉन विहिरीत पडल्यासारखे तिथं अडकतात. प्रकाशही सलग नव्हता. पापणी लवते तेवढ्या वेळाचे लाख कोटी तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याएवढे त्याचे झटके. श्रीरंगचा झटका आधी पोचे, निलोफरचा किंचित मागाहून.

मॉनिटरवर दोन ठळक ठिपके दिसत होते. आणि उजव्याच्या पलीकडे तिसरा, फिकट. त्या दिशेला किरण कुणी सोडलाच नव्हता. हाच तो सिग्नल. सगळी भांडणं होती ती याच्यावरून.

“बघा! तोसुद्धा तिच्याच बाजूला,” श्रीरंग फणकारला.

“मागाहून येईल त्याच्या बाजूला जातो तो. तू थांब जरा. तिला आधी जाऊ दे.”

श्रीरंगनं आपल्या किरणाच्या वाटेवरचा आरसा स्क्रूनं मागं घेतला. केसभरच. तेवढी वाट लांबली आणि त्याचा झटका मागं पडला.

उजवीकडचा फिकट ठिपका विझला…

डावीकडे उगवला.

श्रीरंगला खरंच बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

“आता माझ्याकडे आला, सर.”

“आला ना? मग आता तिचा किरण अडव. ती गेलीच असं समज.”

हे दोनदा सांगावं लागलं नाही. श्रीरंगनं काळा पुठ्ठा उचलला आणि उजव्या किरणाच्या वाटेत धरला. चांगला घट्ट धरला.

मॉनिटरवर त्याचा एकटा ठळक ठिपका उरला. दोन्ही बाजूंना अंधार, फिकट ठिपकाही नाही.

“सर!” त्याचा आवाज चिरकला. “सर, माझा ठिपका गेला!”

खटावकरसरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मॉनिटरकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे.

“तुझा कसा जाईल?… तू तर तिचा अडवलास.”