झिपरूची एन्ट्री

"अगं, झिपरू कावळ्याला नाटकात काम मिळालं! माणसं हात जोडून..." चिमणी एवढंच म्हणाली आणि तिचं पिल्लू रडायला लागलं. पाखरं शेजारच्या घरट्याला कान लावायची, तेव्हाची ही गोष्ट. मी साळुंकी, शेजारच्याच फांदीवरची. उरलेली बातमी कळल्याशिवाय माझ्या घशाखाली दाणा उतरेना.

झिपरूला लहानपणापासून नाटकाचं वेड. पण त्यानं तोंड उघडलं की बायका ओरडायच्या, "हाड मेल्या, पाहुणे आणशील!"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागोमाग नदीच्या घाटावर गेले. तिथे एका आजोबांचा दहावा होता. भाताचा पिंड मांडलेला, पण कावळा शिवेना. बाकीचे कावळे पोटभर जेवून पेंगत होते. आजोबांची काय इच्छा राहिली कोण जाणे, म्हणून आजी पाणीसुद्धा घेईना.

"जा की मेल्या, म्हातारीला घेरी येईल!" मी म्हणाले.

"ताई, एन्ट्रीची वेळ चुकली की नाटक पडतं."

मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, बाग विकणार नाही." झिपरू हलला नाही. मग आजी पुढे आली. "अहो, तुमचा तंबाखूचा डबा कुणाला टाकू देणार नाही. या आता."

झिपरू उतरला. म्हाताऱ्यासारखा लंगडत तीन पावलं चालला, आजीकडे मान वाकडी करून पाहिलं आणि पिंडाला चोच लावली.

"शिवला!" सगळे रडले. आजी मात्र हसली. "चालणंसुद्धा तस्संच!" म्हणाली आणि घटाघटा पाणी प्याली.

चिमणीचं खरं होतं, हात जोडले होते. पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत आणि संवाद तर एकही नव्हता. झिपरू मात्र चोचीवरचा भात पुसत म्हणाला, "ताई, उद्या लागोपाठ दोन प्रयोग आहेत."