भट्टीत कुठली घालू?

उद्या खंडेनवमी, म्हणून अनसूया शिंगटे सासऱ्याच्या दोन्ही फौजी बंदुका पुसत होती. एक चकचकीत बक्षिसाची. दुसरी लढाईतली, दस्ता चिरलेली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात विकायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

जुन्या हत्यारांचे शौकीन सरदार रणनवरे आले आणि नाक मुरडून म्हणाले, "दोन्ही मोडीतल्या! तुझी दया येते म्हणून लोखंडाच्या भावानं एक नेतो. कुठलीही दे."

अनसूयाला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने डोळे पुसले.

"सरकार, मोडीतल्या हत्याराची पूजा कशी करू? लोहाराची भट्टी उद्या बंद. एक आजच विळ्यांसाठी देते, दुसरी तुम्ही न्या."

तिने चकचकीत बंदूक उचलली. सरदार निवांत मिशीला पीळ देत राहिले. ती ठेवून चिरलेली उचलली, तशी सरदारांनी झडप घालून तिची नळी धरली.

अनसूया म्हणाली, "किंमत हातानं सांगितलीत सरकार. आता तोंडानं सांगा."

सरदारांनी लोखंडाचा भाव विसरून रोख तीनशे रुपये मोजले.

दुसऱ्या दिवशी पाटावर एकच बंदूक होती. अनसूयाने हळदकुंकू मात्र शेजारच्या रिकाम्या जागेला आधी वाहिलं.