वय न वाढणारे नवरदेव

सांगलीच्या बापूसाहेब टिपणीसांच्या वधूवर सूचक मंडळातली सगळी स्थळं मृणाल कोलतेने जुन्या कॉम्प्युटरमधून ऑनलाइन डेटाबेसमध्ये हलवली. जुन्या प्रोग्रॅममध्ये वय एकदा टाकलं की तसंच राही. नवा प्रोग्रॅम ते जन्मतारखेवरून काढी.

बापूसाहेब पाहतात तर काय, अठ्ठाविशीतले उपवर एका रात्रीत चाळिशीला पोचलेले. ते कडाडले, "माझी तरणीताठी मुलं म्हातारी केलीस. होती ती वयं परत टाक, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

"टाकते की," मृणाल म्हणाली. "फक्त बाहेर पाटी लावा, 'इथे नाव नोंदवा, वय वाढणार नाही.' नोंदणीला झुंबड उडेल, बापूसाहेब. पण मग लग्नाची घाई कुणाला राहील?"

बापूसाहेबांनी मिशीतलं हसू दाबलं आणि चाळिशीतल्या पहिल्या उपवराला फोन लावला.