विश्रामचा कोरा कॉम्प्युटर

एका किनाऱ्यावरच्या गावात विश्राम तांडेल नावाचा एक पाणबुड्या होता. छाती भरदार, हात बळकट आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्याची धाकटी बहीण कालिंदी त्याच्याबरोबरच बुड्या मारायची.

एकदा एका ट्रॉलरचा नांगर खोल खडकात अडकला. "आजच्या आज सोडवतो," विश्राम सगळ्यांसमोर बोलून बसला. सकाळपासून दोनदा तो तळाला जाऊन आला. नांगर हलेना. दुसऱ्या खेपेला मनगटावरचा, बुडीची खोली आणि वेळ मोजणारा कॉम्प्युटर 'वर चल' म्हणून ओरडत होता, तरी तो हट्टानं खालीच राहिला. वर येताना जिथे थांबायचं, तिथेही पुरता थांबला नाही. बोटीत चढला, तेव्हा कॉम्प्युटरनं स्वतःला कुलूप लावलं होतं. आज पुन्हा पाण्यात जायचं नाही!

विश्राम भडकला. "एवढंसं यंत्र, आणि मला हुकूम सोडतंय!" त्यानं ते मनगटावरून ओरबाडून फळीवर आपटलं.

कालिंदीनं बुड्यांचा तक्ता उघडून खोली आणि वेळ ताडून पाहिली. "दादा, तक्ताही नाहीच म्हणतो. खोल पाण्यात हवेतला वायू अंगात मुरतो. तो निघून जायला वेळ लागतो, त्याआधी पुन्हा गेलं तर जिवावर बेततं. नांगर काही पळून जात नाही. उद्या जा."

ट्रॉलरवर कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेवढं पुरलं. विश्रामनं पिशवीतून दुसरा कॉम्प्युटर काढला. अगदी नवा, पाणीही न लागलेला. "बघ! हा म्हणतो, भरपूर वेळ आहे."

"त्याला काय ठाऊक?" कालिंदी कडाडली. "सकाळी तू पाण्यात होतास, तो पिशवीत होता!"

तिनं त्याची हवेची टाकी घट्ट धरून ठेवली. त्यानं तिला ढकललं, टाकी पाठीला लावली आणि उडी मारली.

नांगर सुटला. ट्रॉलरवर टाळ्या पडल्या. विश्राम हसत वर आला. बहिणीला टोमणा मारायला तोंड उघडलं, तोच खांद्यात कळ उठली. मग पाय बधिर झाले. उठायला गेला तो कोसळलाच. कालिंदीनं दातओठ खात त्याच्या तोंडाला ऑक्सिजन लावला आणि बोट किनाऱ्याकडे पिटाळली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "आज किती बुड्या मारल्या?"

"एकच," विश्राम पुटपुटला आणि नवा कॉम्प्युटर पुढे केला.

"तीन!" कालिंदीचा आवाज सगळ्या वॉर्डात घुमला. "अजूनही खोटं? मरशील, पण चुकलो म्हणणार नाहीस ना?"

विश्रामनं डोळे मिटून घेतले. "तीन," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत ठेवून उपचार केले. जीव वाचला, पण डावा पाय कायमचा अधू झाला. आता बोट कालिंदी चालवते. भावाला ती वेळेवर जेवायला वाढते, औषध देते. माफ मात्र तिनं त्याला अजून केलेलं नाही.

तात्पर्य: ज्याला खरं ऐकायचं नसतं, तो नवा साक्षीदार शोधतो, पण साक्षीदार बदलला म्हणून केलेली करणी बदलत नाही.