बकुळेचं नाक आणि मधाचे तीन थेंब

डोंगराच्या कुशीतल्या एका चिमुकल्या गावात बकुळा आईबरोबर राहायची. आई गजरे विकायची आणि बकुळा रोज कोसभर चालून बनातून फुलं वेचून आणायची. काट्यांनी पाय ओरबाडायचे, पण त्याचं तिला काही वाटायचं नाही. वाटायचं ते नाकाचं! रांगत्या वयात ती ओट्यावरून पडली होती. तेव्हापासून तिच्या नाकावर एक खळगा पडला होता. ती दिसली, की पोरं "नकटी, नकटी!" म्हणून टाळ्या पिटायची.

एका सोनेरी सकाळी बनात जांभळ्या फुलांच्या झुबक्यातून एक इवलीशी परी बाहेर आली. पंख मोरपिशी, झगा केशरी, आणि हातात किरणाची लखलखती सुई.

"बकू, तुझं नाक सरळ करून देऊ?"

"टोचेल का गं?"

"मुंगी चावल्याइतकंच. सुईतून मधाचे तीन थेंब आत गेले, की खळगा भरून येईल. पण नियम ऐक हं. ऊन त्या आंब्याच्या शेंड्याला लागायच्या आत टोचायचं. तिन्ही थेंब एकालाच द्यायचे. आणि वर्षभरानं मध विरून जाईल."

वर्षभर सरळ नाक! बकुळेनं हरखून डोळे मिटले.

एवढ्यात वरून चिवचिव ऐकू आली, अगदी क्षीण. फांदीला लोंबणाऱ्या घरट्यात दोन पिल्लं चोची वासून बसली होती. त्यांची आई, हिरवट-पिवळी शिंजिरी, फुलात चोच घालू पाहत होती. पण चोच टोकाशी मोडली होती. मध काही हाती लागेना.

बकुळेनं आंब्याकडे पाहिलं. ऊन शेंड्याला टेकायलाच आलं होतं. तिनं एकदा नाक चाचपलं.

"परीताई, थेंब तिला दे."

"मग तुला उरायचे नाहीत."

"ठाऊक आहे. पण मी काही नाकानं जेवत नाही. तिची पिल्लं मात्र तिच्या चोचीनंच जेवतात."

परीनं सुई अलगद टेकवली. एक, दोन, तीन! चोच कशी बाकदार, नाजूक, पहिल्यासारखी झाली. शिंजिरी भुर्रकन फुलावर गेली आणि पिल्लांच्या लालचुटूक तोंडात मध पडला.

"वर्षभरात तिची स्वतःची चोच वाढेल," परी म्हणाली. "आता तू माग. आपला वर देऊन टाकणाऱ्याला दुसरा मिळतो, अन् त्याला नियम नसतो. कायमचं सुंदर नाक हवं?"

बकुळा जवळच्या ओढ्यावर वाकली. पाण्यात आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून. आणि खुदकन हसली.

"नाक राहू दे. मला शोभतं ते! आमच्या दारात फुलं फुलव, म्हणजे आईला मी सकाळी घरीच मिळेन."

परीनं सुई उंच धरली. गुलाबी, रुपेरी, सोनेरी प्रकाश सांडला आणि त्या झगमगाटात परी विरघळून गेली. बकुळा धावत घरी आली, तर झोपडीभर जाई-जुई लगडलेली, आणि आई ओचा पसरून नुसती हसत उभी!