जीपला घातलेला हार

“पण महाराज, पूजेत माझं चुकलं कुठं?”

नरहर पाठक हे तिसऱ्यांदा विचारत होते.

भगवानगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर शाळेच्या पाटीएवढं सोलरचं पॅनल. ओल्या फडक्यानं ते त्याच्यावरची हळद काढत होते. सहा दिवसांत वाळून ती घट्ट बसली होती, निघता निघत नव्हती.

“मंत्र चुकले का?”

“मला कुठं येतात मंत्र? बरोबरच असतील.”

नरहररावांना हे उत्तर आवडलं नाही. आपण तीस वर्षं संस्कृत शिकवलं, आणि हे म्हणे बरोबरच असतील. पण आज बोलायची सोय नव्हती.

सकाळी घडलं ते असं.

मठाची एक जुनी जीप आहे. खोऱ्यातल्या सात वाड्यांना मिळून तेवढं एकच वाहन. कुणाचं दुखलंखुपलं तरच ती निघते, एरवी पंधरा पंधरा दिवस अंगणात उभी असते. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते, आणि ही बॅटरी तर म्हातारी. म्हणून तीन वर्षांपूर्वी महाराजांनी बॉनेटवर हे पॅनल बांधलं. दिवसभर ऊन खायचं आणि बॅटरीला घोट घोट पाजायचं, एवढंच त्याचं काम. तेव्हापासून जीप एकदाही अडली नव्हती.

खंडेनवमीला नरहररावांनी जीपची यथासांग पूजा केली. एवढी गुणाची वस्तू म्हणून पॅनलचीही केली. हळद, कुंकू, गंधाचं स्वस्तिक, वर पाच पदरी झेंडूचा हार. कोजागरीपर्यंत पूजेला कुणी हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. सगळ्यांनी ती पाळली. पॅनलला सहा दिवस ऊन दिसलं नाही.

आज कोजागरी. उजाडता उजाडता कोंडीबा शेलाराच्या छातीत कळ आली. सुनेनं आणि दोघा शेजाऱ्यांनी त्याला उचलून मठात आणलं. जीप चालवते ती शेवंता ढेबे. तिनं किल्ली फिरवली. जीपनं टक् केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.

शेवटी हार तोडून, पॅनल सोडून जीप ढकलत उतारापर्यंत न्यावी लागली. त्यात अर्धा तास गेला. उताराला लागल्यावर ती कशीबशी सुरू झाली आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे गेली. त्याला आता चार तास होत आले होते.

“कोंडीबा वाचेल ना, महाराज?”

“ठाऊक नाही.”

खाली रस्त्यावर कुठं धूळ उठलेली दिसत नव्हती.

नरहरराव सोवळ्याचा रेशमी मुकटा सावरून ओट्याच्या कडेला बसले. आज त्यांना महाराजांकडून अनुग्रह मिळायचा होता. अकरा वर्षं त्यांनी या दिवसाची वाट पाहिली होती. आणि आता मनात नुसता कोंडीबा. तो गेला तर आपल्या हारामुळं गेला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

“एवढंसं पॅनल,” ते म्हणाले. “त्याच्यानं जीप चालू होते, हेच मला पटत नाही.”

“नाहीच होत. नुसतं हे जोडलंस तर जीप खोकणारसुद्धा नाही.”

“मग करतं काय?”

“रोज उतरतं तेवढं रोज भरतं.”

...

“मी नवरात्रात चौदा चौदा तास जपाला बसतो, महाराज.”

“बसतोस. पाहतो की मी.”

“अकरा वर्षं झाली.”

“आणि दसरा झाल्यावर?”

“दसरा झाल्यावर... प्रपंच असतो.”

महाराजांनी फडकं पिळलं. पाणी पिवळं निघालं. त्यांनी ते तुळशीत न टाकता बाजूच्या दगडावर टाकलं आणि फडकं पुन्हा भिजवलं.

“तो हार मी पहिल्याच दिवशी पाहिला होता,” ते म्हणाले. “काढायला हवा होता. तू एवढ्या प्रेमानं घातलेला, तुला वाईट वाटेल... म्हटलं, उद्या काढू. उद्या उद्या करत सहा दिवस गेले. कोंडीबाला काही झालं तर त्यात माझाही वाटा आहे.”

नरहरराव बोलणी खायच्या तयारीनं बसले होते. रागावणं सोसलं असतं. हे सोसेना.

“जीप ढकलत होतो तेव्हा तू कुठं होतास?”

“पायरीवर. मृत्युंजय म्हणत होतो.”

“हो. ऐकू येत होता.”

“सोवळ्यात होतो, महाराज. पूजा व्हायची होती. सोवळ्यात कुणाला शिवता येत नाही.”

“कोंडीबाची सून म्हणाली, अवो, हात लावा की.”

“ऐकलं मी.”

...

नरहररावांची मान खाली गेली. समोर महाराजांचे पाय होते. उजवा गुडघा सोलवटला होता. त्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं, माती अजून तशीच होती. महाराजांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं.

“हे केव्हा लागलं?”

“उताराच्या अलीकडं. पाय घसरला.”

“मला दिसलं नाही.”

“तू डोळे मिटले होतेस.”

नरहररावांना लाज वाटली. अशी लाज त्यांना बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती. पाण्याचा तांब्या पुढं ओढून ते गुडघा धुवायला वाकले. महाराजांनी धुऊ दिला.

“आज मला अनुग्रह मिळणार नाही ना?” त्यांनी खालच्या मानेनंच विचारलं.

महाराजांनी पॅनल उन्हाकडं धरून पाहिलं. एका कोपऱ्यात स्वस्तिकाची एक रेघ राहिली होती. ती त्यांनी नखानं काढली.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला.

जीप अंगणात आली. शेवंता स्टेअरिंग सोडायला तयार नव्हती. बसल्या जागेवरूनच तिनं सांगितलं, “हाय, जित्ता हाय. डाक्टर म्हनलं, अजून घटकाभर उशीर केला असता तर हातचा गेला असता. चार दिस ठिवून घेत्यात.”

कोंडीबाची सून दवाखान्यातच राहिली होती. नरहरराव मटकन पायरीवर बसले आणि डोळे पुसायला लागले. मुकट्याच्या सोग्यानंच पुसत होते, याचंही त्यांना भान नव्हतं.

इंजिन धडधडत होतं. अंगणभर धूर झाला.

“बंद कर की ग,” महाराज म्हणाले.

“नको, बाबा. दवाखान्याच्या दारातबी चालूच ठिवली हुती. बॅटरीचा काय भरवसा? बंद केली आन् मग उठलीच न्हाई तर? समदी मानसं भातकापणीला गेली. पुन्यांदा कुनाचं दुखलं तर ढकलाय कोन हाय हितं?”

महाराजांनी पॅनल शेवंताच्या हातात दिलं. मग पायरीकडं पाहिलं.

“बंद कर. नरहर आहे.”